अमावस्येची प्रॅक्टिस

फोटो गुरुवारी सकाळी ग्रुपवर पडला. आमच्या मुलींच्या हॉकी क्लबचा हा ग्रुप. त्यात खेळणाऱ्या कमी आणि आयाबाप, काका, मामा असे चाहतेच जास्त. फोटोत आमचे जुने कोच होते. गळ्यात हार, हातात चषक, आजूबाजूला नाशिकच्या मुली दात काढून हसतायत. गेल्या वर्षी आमच्याकडून गेले आणि तिथल्या संघाला पहिल्याच फटक्यात राज्याची स्पर्धा जिंकून दिली. एरवी ग्रुपवर कुणाच्या भाच्याला दहावीत साठ टक्के पडले तरी टाळ्या आणि गुच्छ सुरू होतात. या फोटोखाली दुपारपर्यंत एक अंगठासुद्धा नाही. मग पहिला मेसेज आला, "पंच कुठले होते?"

त्यानंतर सगळ्यांना कंठ फुटला. मुली वयाने मोठ्या दिसतायत, जन्मदाखले बघितले का कोणी? ड्रॉ सोपा पडला असणार. एकाने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, चषकावर स्पर्धेचं नावच दिसत नाही. मी मिरा रोडला एका दवाखान्यात काउंटरवर बसते, तिथूनच वाचत होते. "कालपासून ताप आहे" म्हणणारा माणूस आठवडाभर अंगावर काढून आलेला असतो, हे मला आता विचारावं लागत नाही. संशयी स्वभाव आहे माझा आणि मला त्याची लाज वाटत नाही. मीही लिहिलं, "इथे चार वर्षं होते तेव्हा हे डोकं कुठे ठेवलं होतं?" अंगठेच अंगठे आले.

माझा राग फुकटचा नव्हता. माझी मुलगी गोलकीपर. गेल्या वर्षी सेमीफायनलला सरांनी तिला बाकावर बसवलं आणि समुद्राकाठच्या उत्तन गावातली दुसरी मुलगी गोलात उभी केली. कारण विचारलं तर गप्प. आम्ही हरलो, तेही वाईट हरलो. सर स्वतः उत्तनचे, त्यामुळे गावच्या पोरीला पुढे केलं असं सगळ्यांनी धरलं, मी तर घट्टच धरलं. त्यात तो दिवस नेमका अमावस्येचा.

ही अमावस्या नीट सांगायला हवी. आमचं ग्राउंड भाईंदर वेस्टला, खाडीला लागून. पूर्वी तिथे मिठागर होतं. दर अमावस्येला सरांचा मेसेज यायचा, "आज ग्राउंड बंद." पुढचे दोन दिवस तेच. आम्ही बिल्डिंगवाले बहुतेक रत्नागिरी-रायगडचे. अमावस्येला नवीन चप्पलसुद्धा पायात न घालणारी माणसं. आमच्या डोक्यात लगेच आलं, हा माणूस अमावस्येलाच कुठे जातो? एकदा गोलच्या मागे अर्धं लिंबू सापडलं, झालं. ते सरबतवाल्याचं असेल, असं कोणाच्या मनातही आलं नाही. सेमीफायनलनंतर मीटिंग झाली, तिथे लिंबापासून उत्तनपर्यंत सगळं निघालं. सर खाली मान घालून ऐकत होते. शेवटी "बरं" म्हणाले आणि गेले.

आता चषकाचा फोटो. आणि त्याच संध्याकाळी मला त्यांचा फोन.

"ताई, आमची गोलकीपर वयात बसत नाही पुढच्या वर्षी. तुमच्या मुलीला पाठवाल का? हॉस्टेल आहे, कॉलेज तिथेच होईल. ट्रायल बुधवारी आहे."

मी म्हटलं, "तेव्हा बाकावर बसवलीत, आता बरी आठवली?"

"ते तिला विचारा. पण पाठवणार की नाही, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. रविवारपर्यंत सांगा."

तुमच्या तोंडून म्हणे! का बरं? फोन रेकॉर्ड करतोय की काय हा माणूस? उद्या म्हणायला बरं, बघा, आईच मागे लागली होती. मी फोन ठेवून दिला.

मुलगी दारातच उभी होती, सगळं ऐकत. ती सतरा वर्षांची. इथल्या संघात आता जेमतेम सात-आठ मुली येतात, नवीन कोच कधी येतो कधी नाही. ही संधी गेली तर तिची हॉकी संपली, हे तिला कळत होतं आणि मलाही. "तुला का बसवलं होतं गं त्या दिवशी?" मी विचारलं. "माहीत नाही," ती म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, पोरीला अजून लागलेलं आहे. आणखीच चीड आली.

रविवारी सकाळी मी ग्राउंडवर गेले. बांधावर आमची बैठक असते, खेळ असो-नसो. काका होते, म्हणजे ज्यांच्या घराण्याची ही जमीन. बेव्हर्ली पार्कचे मेडिकलवाले भाई होते, त्यांची मुलगी सेंटर फॉरवर्ड. आणि उत्तनची मावशी, जी सकाळी मासळी विकून घरी जाताना इथे टेकते, कारण तिची नात खेळते. मी फोनची गोष्ट सांगितली.

"भाभी, दाल में कुछ काला है," भाई म्हणाले. "पहले बिठाया, अब बुलाता है? लडकी को इसी के लिए बचाके रखा था."

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. पण ऐकल्याबरोबर पटलं. तिला मुद्दाम झाकून ठेवलं, आम्हाला हरवलं, आता तिकडे उचलून नेतोय.

बांधावरचा आणखी एकजण हळूच म्हणाला, "पिकतं तिथे विकत नाही, असंही असेल ना?"

"काय पिकत होतं इथे?" काका उखडले. "महिन्यातले सहा दिवस तर ग्राउंड बंद ठेवायचा."

"सहा कुठे, अमावस्येचे तीन," मी म्हटलं.

"आणि पुनवेचे तीन," काका म्हणाले. "उधाणाचं पाणी खालून वर येतं ना. दुपारच्या भरतीला चिखल होतो सगळा. मिठागराची जमीन आहे, ती दुसरं काय करणार? बंद ठेवायचाच ते दिवस, ते बरोबर होतं त्याचं."

मी बघतच राहिले. "काका, मग मीटिंगमध्ये का नाही बोललात?"

"मला कोणी विचारलं? तुम्ही सगळे लिंबावर होतात."

पुनवेलाही ग्राउंड बंद असायचं, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात राहिलं नव्हतं. पौर्णिमेची भीती वाटत नाही ना, म्हणून ती मोजली नाही. पण मी सहजासहजी हार मानणारी नाही. म्हटलं, "असेल पाणी. मग ते दिवस सर जायचे कुठे?"

टोपली बाजूला सारून मावशी बोलली. "कुठं जाल तो? आमच्या दर्यावर. दुपारी जेवढी भरती मोठी, तेवढी सांजच्याला ओहोटी लांब. रेती अशी घट्ट व्हते, चेंडू पलतो नुसता. पोरींना तिथंच खेलवायचा तो."

"फक्त उत्तनच्या पोरींना. बघितलंत?" मी सगळ्यांकडे वळून म्हटलं. "आमच्या मुलींना सुट्टी आणि गावच्यांना प्रॅक्टिस!"

भाईंनी घसा खाकरला. "भाभी, वो तो हमने ही मना किया था न. पहले साल."

केलं होतं. सरांनी विचारलं होतं, उधाणाच्या दिवशी मुलींना उत्तनला नेऊ का? आम्ही बिल्डिंगवाल्यांनी एकसुरात नाही म्हटलं. वयात आलेल्या मुली, समुद्र, त्यात अमावस्या. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

"मावशी त्यांच्या गावची आहे, ती त्यांचीच बाजू घेणार," मी म्हटलं. मागे हटायचं तरी कसं.

मावशीला राग आला नाही. तिने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. "बाय, मी कशाला खोटं बोलू? तुझी पोर बी यायची की. गोलात तीच असायची, रेतीत लोलायची नुसती. तुला ठावं न्हाय?"

मग भाई माझ्याकडे वळले, आणि आम्ही इतके दिवस सरांबद्दल बोलताना जसा आवाज काढायचो तोच आवाज काढून म्हणाले, "मतलब भाभी, आपको सब पता था?"

मी उठले. इंद्रलोकला आमच्या बिल्डिंगपर्यंत रिक्षात माझं डोकं भणभणत होतं. घरी आले तेव्हा मुलगी कपडे वाळत घालत होती.

"उत्तनला जायचीस तू?"

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "हो."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर पाठवलं असतंस?" मग तिने सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता. बसने जायची, मला क्लासला चाललेय म्हणायची. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, घरी विचारलंस का? तिने सांगितलं, मम्मीने हो म्हटलंय. त्यांनी विश्वास ठेवला.

"मग सेमीफायनलला काय झालं?"

"तू झालीस," ती म्हणाली. "सकाळी चहा घेताना तू सरांना बोललीस ना, बरं झालं सर, तुम्ही आमच्या मुलींना समुद्रावर नेत नाही, माझा जीव टांगणीला लागला असता."

बोलले होते. कौतुकानेच बोलले होते. सर चहाचा ग्लास हातात धरून नुसते उभे राहिले होते, तेव्हा मला वाटलं, किती शिष्ट माणूस आहे.

"त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी खरं सांगितलं. म्हणाले, खोटं बोलणारीला गोलात उभी करणार नाही. मी रडले, म्हटलं मम्मीला सांगू नका. त्यांनी नाही सांगितलं."

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि सरांनाही. माझी पोर माझ्या माघारी समुद्रावर जात होती आणि हा माणूस कळल्यावरही तोंड शिवून बसला! मी तिथल्या तिथे फोन लावला.

"सर, मला कळलंय सगळं. त्याच दिवशी मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, ताई?"

आईला सांगायलाच हवं, तुम्हाला काय अधिकार, असं बरंच काही तोंडात तयार होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"तिची हॉकी बंद केली असती," मी म्हणाले.

"म्हणून नाही सांगितलं. पण तिने पहिल्यांदा मम्मी हो म्हणाली असं सांगितलं, तेव्हाच मी तुम्हाला एक फोन करायला हवा होता. ते चुकलं माझं. म्हणून आता तुम्हालाच विचारलं."

ग्रुपवर उद्या काय लिहितील ते मला पाठ होतं. आई आधीपासून सामील होती, नाशिकशी सगळं आधीच ठरलेलं होतं. मीसुद्धा तेच लिहिलं असतं, आणि सगळ्यांच्या आधी. मी फोन मुलीच्या पुढे धरला. "सांग त्यांना, मम्मी हो म्हणतेय."

तिने हात मागे घेतला. "मी एकदा सांगितलंय ते. आता तू सांग."

मी फोन कानाला लावला आणि सांगितलं. आवाज इतका बारीक आला की त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.