त्या रविवारी मी गायलो

याकोब मास्तरांनी ‘प्रकृतीच्या कारणाने पेटी सोडली’, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मासिकात गेल्या महिन्यात छापून आलं. ते वाक्य माझं. मास्तर गेल्याचा निरोप आला त्याच संध्याकाळी पाळकसाहेबांनी मृत्युलेखाचा मजकूर मागितला आणि मी तो बसल्या जागी लिहून दिला. मास्तरांनी पेटी सोडली तेव्हा त्यांची प्रकृती ठणठणीत होती. पेटी सुटली ती माझ्यामुळे.

परळच्या आमच्या लहानशा देवळात रविवारी मास्तर पेटीवर बसत आणि दत्ताराम तबल्यावर. दत्ताराम ख्रिस्ती नव्हता. मास्तरांच्या चाळीतला, गिरणीत काम करणारा मालवणी पोरगा. भजनात तयार झालेला हात म्हणून मास्तरांनी त्याला आणला आणि तो राहिलाच. प्रभुभोजनात भाकर आणि प्याला सर्वांना पोचला की दोघेही वाजवायचं थांबत. ती शांतता मास्तर जिवापाड जपत. “सूर आपण लावतो रे,” ते म्हणत, “त्याच्यानंतर जे येतं ते आपलं नसतं. त्याला वाट द्यायची.” मला वाटायचं, मास्तर दम खातात.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात दत्ताराम गेला. मास्तरांनी मंडळीच्या पंचांकडे एवढंच मागितलं, की रविवारच्या प्रार्थनेत त्याचं नाव घ्या. राजकारण देवळात नको, शिवाय तो आपला नव्हे, असं पंचांनी ठरवलं. मी त्यांचा चिटणीस. निरोप घेऊन मीच गेलो. मास्तरांनी जिन्यातच ऐकून घेतलं.

“इतकी वर्षं त्याच्या ठेक्यावर कृपा मागितलीत. तेव्हा कोणाचा होता रे तो?”

“मास्तर, मी नुसता निरोप्या.”

“निरोप्यालाही तोंड असतं. तू कुठे ठेवलंस?”

त्या रविवारी मास्तर दत्तारामच्या आईला घेऊन आले. “माका तुमच्या देवळात कोण बसूक देतला?” असं ती दारात म्हणाली. मास्तरांनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं. प्याला फिरला, शांतता झाली. आता शेवटचं गीत. मास्तरांनी भाता धरला, पण स्वर दाबला नाही... शेजारी तबला होता, तबल्यामागे कोणी नव्हतं. सगळ्यांना कळलं. कोणी खोकलंसुद्धा नाही. देव इतका जवळ मला आधी कधी वाटला नव्हता, नंतरही नाही. आणि मी घाबरलो. पाळकसाहेब माझ्याकडे रोखून पाहत होते, त्यांना तर घाबरलोच. मी उभा राहिलो आणि गीत सुरू केलं. माझा आवाज चांगला आहे. सवयीने सगळे उठून गाऊ लागले. म्हातारी तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

मास्तरांनी पेटी मिटली. बाहेर मला म्हणाले, “सुरात गायलास. बेसूर असतास तर कोणीतरी थांबवलं असतं.”

पुढे ते दर रविवारी यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे. पेटीला हात लावला नाही. नवा वादक आला, तो एक क्षणही मोकळा सोडत नाही. पंचांना तो फार आवडतो. राज्य झालं तेव्हा याच पंचांनी देवळात आभाराची प्रार्थना केली, पेढे वाटले. तेव्हा राजकारण चाललं. दत्तारामचं नाव त्या दिवशीही कोणी घेतलं नाही. या माणसांचा मला संताप येतो, आणि मग आठवतं, की पेढा मीही खाल्ला होता.

मासिक आल्यावर मी मास्तरांच्या पत्नीला, मार्थाबाईंना भेटायला गेलो. “काय झालं होतं हो त्यांच्या प्रकृतीला? मला कधी बोलले नाहीत,” त्या म्हणाल्या. मी माफीचं काही पुटपुटलो. “मला नको. म्हातारी पलीकडच्या खोलीत आहे.”

दत्तारामची आई तांदूळ निवडत होती. डोळ्यांनी आता कमी दिसतं. मी नाव सांगितलं, तशी सूप खाली ठेवून म्हणाली, “आवाज वळाखलंय. गाणारो तूच मा?”

“मीच,” म्हटलं. “आई, आम्ही तुमच्या दत्तारामचं नाव घ्यायला नाही म्हटलं होतं. म्हणून मास्तरांनी सगळ्या देवळाला त्याच्यासाठी गप्प बसवलं होतं. लोक बसले होते, आई. मी बसू दिलं नाही. माझं चुकलं.”