युवर की हिज?

"माणूस समोर असला तर युवर, समोर नसला तर हिज," असं पुटपुटत मास्तर शर्टाचं वरचं बटण लावायचे. मोठ्या माणसाला अर्ज लिहायचा म्हणजे हे आधी. वसईतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांची खुर्ची होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर लोकांचे इंग्रजी अर्ज ते तिथे बसून हौसेने लिहायचे. तुम्हीही येताजाता त्यांना पाहिलं असेल.

एकदा पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली एक मावशी रडतच आली. तिचा मुलगा आखातात बोटीवर कामाला गेला आणि तिथेच तुरुंगात पडला. त्या देशाच्या राजाकडे माफी मागायची होती.

राजा म्हटल्यावर मास्तरांनी पेन खाली ठेवलं. बिशपांना लिहिलं होतं, कलेक्टरांना लिहिलं होतं, राजाला कधीच नाही.

मी मोबाइलवर शोधलं. "राजाला मॅजेस्टी, राजपुत्राला हायनेस."

"बरं. पण पत्रात राजा आपल्या समोर आहे का नाही?"

घ्या! मी पुन्हा मोबाइल उघडला. शेवटी लिफाफ्यावर हिज आणि आत युवर, असं कळलं. तरी मास्तर चार दिवस कागद फाडत राहिले. माझं डोकंच फिरलं. तिकडे पोरगा सडतोय आणि इथे हे!

पाचव्या दिवशी त्यांनी मावशीला अर्ज मराठीत समजावून सांगितला. महाराजाधिराज, कृपावंत, दयासागर. अर्धं पान तेच. तिने शांतपणे ऐकलं.

"मास्तर, सगला राजाच झाला. माजा पोरगा कुठं हाय यात?"

मास्तरांनी गळ्याचं बटण काढलं. मग नवा कागद घेतला. वर एकदाच 'युवर मॅजेस्टी', खाली पोराचं नाव आणि आईचं म्हणणं, ती बोलली तसंच.

राजाचं उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी माफी मिळून पोरगाच आला. अर्जामुळे सुटला की तिकडे सणाला कैदी सोडतात त्या माफीत, मला अजून कळलेलं नाही. मास्तर मात्र त्याआधीच गेले.

परवा मावशी मुलाला घेऊन दुकानात आली. दफनभूमीत मास्तरांना हार घालायचा होता. "हाराला चिठ्ठी लावायचीय. मास्तरांच्या नावापुढं तो राजाचा शब्द लिव."

"अगं, तो फक्त राजाला लावतात."

"मंग?"

मी टाइप करायला बसलो आणि अडलोच. युवर की हिज? विचारायला खुर्चीकडे वळलो.

"काय झालं?" मावशी म्हणाली.

"काही नाही," म्हणालो आणि 'युवर' टाइप केलं.