यष्टीमागचे साडू

आमच्या साडूंचा थांग ब्रह्मदेवाच्या बापालाही लागायचा नाही. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे जातोय, पण या माणसाला आपण ओळखतो की नाही हेच मला अजून कळलेलं नाही. हे गृहस्थ देशाच्या क्रिकेट संघाचे यष्टीरक्षक होते. हो, आपल्याच देशाच्या. देवळाली प्रवराला त्यांच्या बांधावर बसून हे कुणाला सांगितलं, तर तो आधी त्यांच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि विषय बदलतो. त्याचं तरी काय चुकतं? मलाही मधूनच शंका येते.

यष्टीरक्षक कसे झालात विचारलं तर म्हणतात, उसामुळं. लहानपणी खेळायची जागा उसाच्या दोन फडांच्या मधे. मागे सुटलेला चेंडू उसात शिरला की डाव संपला, कारण पाचटात चेंडू सापडायचा नाही आणि वडिलांना मात्र आपण सापडायचो. तेव्हा मागे काही जाऊच द्यायचं नाही, असं यांनी ठरवलं आणि तसंच अडवत अडवत थेट देशाच्या संघात पोचले. तिथं मोजकेच सामने मिळाले. अंगठा मोडला, जागी दुसरा आला, आणि तो वर्षानुवर्षं हलेचना. वाईट वाटलं का, असं मी एकदा धीर करून विचारलं. तर म्हणाले, "पाव्हणं, तो पोरगा लई भारी हुता." हे खरंच मनातलं की मला गप्प करायला, देव जाणे.

रस्ता सांगताना डावं-उजवं त्यांच्या तोंडात येतच नाही. त्यांच्या थोरल्या मुलीला बघायला संगमनेरहून पाहुणे निघाले, तेव्हा यांनी फोनवर सांगितलं की फाट्यावरून ऑफला वळा आणि कमानीपाशी जरा लेगला. आता उजव्या हाताने खेळणाऱ्याचं जे ऑफ, म्हणजे उजवीकडचं, तेच डावखुऱ्याचं लेग. ड्रायव्हर नेमका डावखुरा निघाला. मंडळी फिरत फिरत शिर्डीला पोचली, आलोच आहोत तर म्हणून दर्शन घेतलं आणि घरी गेली. कांदेपोहे आम्हीच संपवले. साडूंचं म्हणणं, ड्रायव्हरनं आधी सांगायला नको का?

यष्टीमागून सगळ्यांना हुशारीत ठेवायची सवय, तीही सुटलेली नाही. ऊसतोडीच्या टोळीला शाब्बास, दूधवाल्याला शाब्बास, इंजेक्शन टोचणाऱ्या नर्सलाही शाब्बास. एका मयतीत खांदेकऱ्यांना "मस्त, असंच चालू ठिवा" म्हणाले, आणि मला तोंड कुठं लपवावं कळेना.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. परत चालतील की नाही सांगता येत नाही, रोज चालवून बघा, असं डॉक्टर म्हणाले. मी भेटायला गेलो तर अंगणातलं दृश्य बघून चक्रावलोच. आक्का काठी धरून उभ्या, आणि त्यांच्या मागे साडू उकिडवे बसलेले, दोन्ही तळवे उघडे. आक्का एक पाऊल टाकत, की हे गुडघे करकरवत तसेच पुढे सरकत. तोंडाचा पट्टा चालूच. मी म्हटलं, अहो, शेजारी उभं राहून हात धरा की. तर म्हणाले, आपल्याला मागूनच नीट दिसतं.

पुढे उन्हाळ्यात गेलो, त्या दिवशी आक्का पायरीपासून गोठ्यापर्यंत काठीशिवाय गेल्या. साडूंच्या ओरडण्याने बसलेल्या गाई उठल्या. आक्का थांबल्या. मागे वळता येत नव्हतं, म्हणून समोर बघतच बोलल्या. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ आले.

"सारा जल्म मागनंच बोलताय. आता म्होरं या. मला तोंड बघू द्या."

साडू उठले आणि समोर येऊन उभे राहिले. पण हातांचं काय करावं हेच त्यांना सुचेना. आधी मागे बांधले, मग पुढे घेतले, मग नुसतेच सोडून दिले. मी त्यांना एवढं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते कितीतरी वेळ आक्कांकडे बघत राहिले, जणू ही बाई त्यांना आजच भेटत होती. मग बारीक आवाजात म्हणाले, "कवा थकलीस गं एवढी?"

आक्का अर्ध्याच ओठांनी हसल्या आणि त्यांच्याकडे पाऊल टाकलं.