उपाशी पोटीचं रक्त

नलूच्या भावाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "ताई, नलूताई सकाळी गेली," एवढंच तो म्हणाला. आणि मी विचारलं, "कुठं गेली?" ... तीन आठवडे झाले, पण तो प्रश्न अजून माझा मलाच बोचतो. बाई सतत कुठे ना कुठे निघालेलीच असायची, त्याला मी तरी काय करणार!

धाड या आमच्या गावच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी पुढे तिथेच मास्तरीण झाले, ती डॉक्टर होऊन पुण्याच्या प्रयोगशाळेत रमली. अंगावर पाण्याचे फोड आणणारा एक त्वचारोग आणि रक्तातली प्रथिनं, हा तिचा विषय. पुण्यात ती शुद्ध बोलायची म्हणे. धाडला एसटीतून उतरली की तासाभरात मूळपदावर. "काही प्रथिनं राखणदार असतात वं. त्यातलीच काही चळतात, अन् आपल्याच कातडीले परकं समजून राह्यले!"

अशा रुग्णांचं रक्त घ्यायला ती माझ्या ओसरीवर टेबल मांडायची आणि नावं मी लिहायची. त्यात मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवणारी शमीमबी होती. तिला नुकतीच नात झाली होती, पण लागण होईल म्हणून मुलानं तिला बाळाला हात लावायला बंदी केली होती. हा रोग लागत नाही, हे नलूनं पहिल्याच दिवशी सांगितलं. मुलगा ऐकेना. "रक्ताची चिठ्ठी दाखवा, मंग देतो." तोवर शमीमबी दारातूनच बाळ बघायची. खरं सांगते, मीही तिचं नाव हातभर लांब बसूनच लिहिलं होतं.

नलूनं सगळ्यांना बजावलं, "उद्या सकाळी उपाशी या." सगळ्या वेळेवर आल्या. रक्त घेतलं, नळ्या यंत्रात फिरवल्या. वर निवळ पिवळसर पाणी यायला हवं होतं, आलं ताकासारखं पांढुरकं.

"काय खाल्लं वं?"

"काहीच नाई ताई, उपासाचं तेवढं. साबुदाण्याची उसळ अन् शेंगदाण्याचा लाडू."

शमीमबी म्हणाली, "मी तं रोजा समजले. पहाटं तुपातले पराठे खाल्ले, मंग पाणीबी नाई पेलं."

नलू कपाळावर हात मारून हसली. "मी धाडची, अन् मलेच हे सुचू नाई!" चालवून घे, असं पुण्याचे वरिष्ठ फोनवर म्हणाले. तिनं सगळे नमुने टाकून दिले. मी चिडले. शमीमबीचा तरी ठेवायचा होतास, म्हटलं, ती तिकडे बाळासाठी झुरतेय.

"खोट्या चिठ्ठीवर तिच्या मांडीत पोर देऊ काय?" नलू म्हणाली. आठवड्यानं ती पुन्हा आली, फक्त त्या एका नळीसाठी. या वेळी 'उपाशी' हा शब्दच तिनं उच्चारला नाही.

अहवाल घेऊन ती स्वतः शमीमबीच्या घरी गेली, मी मागोमाग. मुलाला ओळ न् ओळ वाचून दाखवली. "हे तुमच्या अम्मीचंच रक्त अन् तिचीच कातडी. यांच्या भांडणात तिसऱ्याले काही होत नाई." तो आत गेला आणि बाळ घेऊन आला. शमीमबीनं हात ताठ ठेवूनच ते धरलं, अंगापासून लांब. नलूनं तिचे कोपर हळूच दुमडले आणि बाळ छातीशी लागलं... मला रडू आवरलं नाही.

परवा शमीमबीकडे गेले. आजार औषधांनी आटोक्यात असतो, कधीमधी उसळतो. ते बाळ आता नववीत आहे. पोरगी दादीच्या पाठीला मलम लावत होती. आधी दोन्ही तळव्यांत चोळायची, मगच पाठीवर टेकवायची.

"असं काऊन गं?"

"थंड मलम दचकवते दादीले. डॉक्टरदादीनं शिकवलं."

नलू असंच लावायची. तेवढ्यात आईनं हाक मारली आणि पोरीनं डबी माझ्यापुढे धरली. "बाई, पाठीच्या मधातलं राह्यलं. तुम्ही लावता?"

इतक्या वर्षांत मी त्या पाठीला कधी हात लावला नव्हता. मी बांगड्या मागे सारल्या, मलम तळव्यांत घेतलं आणि ते कोमट होईपर्यंत चोळत राहिले.