एसटीच्या खिडकीतून दिसलेलं हिरवं

पडेगावच्या त्या गल्लीत पाण्याच्या दिवशी देव आला तरी त्याला उंबऱ्याबाहेर ताटकळावं लागतं. नवव्या दिवशी नळ आला होता आणि किती वेळ टिकेल ते नळालाही ठाऊक नव्हतं. बानाबाईनं पदर खोचला होता, एक डोळा टाकीवर आणि एक पाइपावर ठेवला होता. अंगणात बांधलेल्या तीन शेळ्या पाल्यासाठी ओरडत होत्या. त्यांनाही आज थांबावंच लागणार होतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. एकदा नाही, तीनदा. जप्तीला आलेल्या माणसानं मारावी तशी.

दारात तिचा धाकटा दीर बिभीषण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, काखेत रेक्झिनची बॅग, खिशाला दोन पेनं. सोसायटीतून क्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यानं अख्ख्या भावकीला सल्ला देण्याचं काम अंगावर घेतलं होतं. ते त्याला कुणी दिलं नव्हतं, म्हणून कुणाला काढूनही घेता येत नव्हतं.

"वहिनी, बसा जरा. महत्त्वाचं बोलायचंय."

"पाणी आलंय, भाऊजी. बोलायचं असंल तर तो पाइप धरा अन् बोला."

बिभीषणानं इकडंतिकडं बघितलं. शेजारची रत्नमाला भिंतीपलीकडून हंडे भरता भरता गालात हसत होती. त्यानं बॅग खुंटीला अडकवली, बाह्या दुमडल्या आणि पाइप असा धरला, जसा काही तो नागच होता.

बोलायचं काय होतं, ते बानाबाईला ठाऊक होतं. तिचा एकुलता एक मुलगा अजिनाथ वाळूजची कंपनी सोडून चार वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. सून ज्ञानेश्वरी तिथंच बाळंत झाली. राजनंदिनी आता आठ महिन्यांची होती, आणि बानाबाईनं अजून नातीच्या टाळूला तेल लावलं नव्हतं. महिनाभर अजिनाथ रोज सांगत होता, "आई, आता इकडंच ये. कायमची." महिनाभर ती "बघू" म्हणत होती. तिचं हे बघू तिचं तिनंच बघावं, असं मात्र भावकीत एकालाही वाटलं नाही. शिर्डीच्या पुढं न गेलेली माणसं तिला विमानात काय खायचं ते सांगून गेली. एकानं तर तिथं मेल्यावर जाळायला किती दिवस थांबावं लागतं, ते चहा पिता पिता सांगितलं. चहा तिनंच केला होता.

"काल अजिनाथचा फोन आला होता मला," बिभीषण म्हणाला. "काका, आईला तुम्हीच समजावा म्हणला. म्हणून मी रात्रभर बसून नीट मांडणी केली." त्यानं मोकळ्या हातानं खिशातून कागद काढला. मधोमध रेघ, एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. अक्षर मोत्यासारखं. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिलेल्या माणसाचं अक्षर.

"फायदा पहिला. शुद्ध हवा."

बानाबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. हा माणूस तीस वर्षं बजाजनगरात कारखान्यांच्या पाठीला पाठ लावून राहिला, आणि पडेगावात शेळ्यांच्या अंगणात उभा राहून तिला हवा शिकवत होता.

"फायदा दुसरा. चोवीस तास पाणी."

हा मात्र तिला लागला. तिनं टाकीत वाकून बघितलं.

"तोट्यात मी थंडी लिहिलीय. शून्याच्या खाली तीस. पण स्वेटर असतात."

"अजून?"

"अजून म्हणजे..." त्यानं घसा साफ केला. "इथलं घर रिकामं पडणार. रिकाम्या घराला दृष्ट लागती, वहिनी. तर किल्ली माझ्यापाशी ठेवा. आमचा पोरगा प्रणय भाड्याच्या खोलीत राहतो, तो इथं येऊन राहील. शेळ्यांचंही बघीन मी."

"बघाल की. मागच्या आखाडात आमचा बोकड बघितला होता, तसंच ना?"

भिंतीपलीकडं हंडा आदळला. रत्नमालाला हसू आवरलं नव्हतं.

बानाबाईला राग नाही आला. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा लागतो. तिला आठवण आली.

तिचे सासरे कडूबा वेरूळच्या बाजूनं मेंढरं चारायचे. नव्या मुलखात मेंढरं न्यायची असली की त्यांच्या घरात आधी एक माणूस पाहणीला जायचं. दोन रात्री तिथं राहायचं, पाणी चाखायचं, गवत दातांखाली धरून बघायचं, मग येऊन सांगायचं. बाईला पाण्याची पारख जास्त, असं म्हणून कडूबा सुनेला, बानाबाईलाच, पाठवायचे. ती परत आली की एकच गोष्ट सगळ्यात आधी विचारायचे: "तिथून आपल्या पायानं निघता येतंय का?" कुणाच्या तरी मर्जीनं उघडणाऱ्या वाटेवर त्यांनी मेंढरं कधी घातली नाहीत.

ही रीत एकदाच मोडली, आणि ती या बिभीषणामुळं. तेव्हा तो नुकताच नोकरीला लागलेला, अंगावर पहिली पँट. एसटीनं जाता जाता त्यानं खिडकीतून बघितलं आणि घरी येऊन सांगितलं, नदीकाठी कोसभर हिरवंगार आहे, पाहणीत दिवस कशाला घालवता? कडूबा आजारी होते. शिकलेल्या पोरावर सगळ्यांनी विश्वास टाकला. तीन दिवस चालून मेंढरं तिथं पोचली, तर ते हिरवं म्हणजे सगळं गाजरगवत. मेंढरू त्याला तोंड लावत नाही. परत येता येता निम्मी वाटेतच गेली. उरलेली विकून बानाबाईचा नवरा वाळूजला कंपनीच्या दारात उभा राहिला, आणि सहा वर्षांपूर्वी जाईपर्यंत त्यानं पुन्हा काठी हातात धरली नाही.

बिभीषणाला ती गोष्ट आता आठवतही नव्हती. अशा माणसांना आपल्या चुका कशाला आठवतील? त्या दुसऱ्यांनीच फेडलेल्या असतात.

"लावू का फोन?" त्यानं विचारलं. "तिथं अजून कालची संध्याकाळ हाय."

"लावा. कालच्या माणसांशी बोलू."

पडद्यावर अजिनाथ आला. अंगानं भरलेला, डोळ्यांखाली काळा. "झालं का काका बोलून? आई, हे बघ," म्हणत त्यानं फोन मागच्या अंगणाकडं फिरवला. "बघ किती हिरवंय!"

बिभीषण पाइप हातात धरून अभिमानानं मान डोलवू लागला. जसं ते गवत त्यानंच लावलं होतं.

"काय चरतंय तिथं?" बानाबाईनं विचारलं.

"आई, लॉन आहे ते. दर शनिवारी कापतो मी."

"अन् कापून?"

"पोत्यात भरून टाकून देतो."

बानाबाईनं वळून शेळ्यांकडं बघितलं. तिघी कालच्या वाळक्या काड्या चघळत होत्या. पाणी घालून गवत वाढवायचं, सुट्टीच्या दिवशी घाम गाळून कापायचं आणि फेकून द्यायचं. एवढं शिकायला पोरगं सात समुद्र ओलांडून गेलं होतं.

"शेजारी कोण हाय?"

"आहेत एक. ओळख नाही तशी."

"चार वर्षं झाली ना रे?"

"इथं तसं नसतं, आई."

"बरं. तुम्ही दोघं कामावर गेल्यावर दाराचं कसं?"

"दार आपोआप लागतं."

"अन् उघडतं?"

अजिनाथ हसला. "तू कशाला उघडशील? तुला भाषा येत नाही. बाहेर गेलीस आणि हरवलीस म्हणजे?"

"वेरूळच्या डोंगरात दीडशे मेंढरं घेऊन हिंडलेय मी. एक हरवलं नाय. मी बरी हरवीन."

"तेच लिहायचं राहिलं," बिभीषण मधेच म्हणाला. "फायदा तिसरा, पूर्ण सुरक्षितता. दाराबाहेर पाय ठेवायची गरजच नाही!"

"शेळीला दावं बांधल्यावर तिलाबी गरज नसती, भाऊजी. पाइप खाली गेला. धरा नीट."

तेवढ्यात फोन ओढून घेतल्यासारखा हलला आणि ज्ञानेश्वरीचा चेहरा दिसला. केस पिंजारलेले, खांद्यावर राजनंदिनी. "आत्याबाई, मी खरं सांगू का? पाळणाघरात नंबर लागंना. पुढच्या महिन्यात मला कामावर हजर व्हायचंय, नाहीतर नोकरी जाते. तुम्ही आल्या नाहीत तर माझं अवघड आहे."

अजिनाथ मागून म्हणाला, "अगं, असं काय बोलतेस, आईला वाटेल..."

"वाटू दे," बानाबाई म्हणाली. "महिनाभरात या घरातलं कुणी पहिल्यांदा खरं बोललं. एवढं एक वाक्य बोलायला तुला काका लागला, कागद लागला, लॉन लागलं. हवा शुद्ध म्हणं!"

राजनंदिनीनं पुढं झुकून पडद्याला तोंड लावलं. सगळा फोन लाळेनं धूसर झाला. बानाबाईचा हात आपोआप उठला आणि पदराच्या टोकानं इकडून काच पुसू लागला. ते लक्षात आल्यावर तिनं स्वतःकडंही तशाच नजरेनं बघितलं, जशी ती सकाळपासून बिभीषणाकडं बघत होती.

नळ फुसफुसला आणि गेला. टाकीत वीतभर जागा उरली होती. तिनं बिभीषणाच्या हातातून पाइप काढून घेतला, गुंडाळून ठेवला, हात पुसले.

"रत्नमाला," तिनं भिंतीपलीकडं हाक दिली, "किल्ली तुझ्यापाशी राहील. शेळ्याबी. दूध तुझं, पण दर आठवड्याला आतलं झाडून काढायचं."

"व्हय, बानामावशी. कधी निघायलात?" रत्नमालानं विचारलं. महिनाभरात तिनं सल्ला दिला नव्हता, म्हणून किल्ली तिच्याकडं चालली होती.

बिभीषणानं कागदाची घडी घातली. "म्हणजे मी एवढं सगळं..."

"लई चांगलं अक्षर हाय तुमचं, भाऊजी. चहा ठेवते, बसा." मग ती फोनकडं वळली. "अजिनाथ, कायमची नाय. सहा महिने पाहणीला येते. पोर सांभाळीन, तुमचा मुलूख बघीन. तिथं राहायचं का नाय ते तिथं बघून सांगीन, फोटो बघून नाय."

"चालेल आई, चालेल! काय पाहिजे ते सांग. गरम कपडे, गुडघ्याचा पट्टा, सगळं आणून ठेवतो."

"ते सगळं राहू दे. एकच दे. तुझ्या घराची एक किल्ली मला करून दे, माझ्यापाशी राहील अशी."