आंब्याखालचा भुसा

वडनेरच्या रुख्माबाईचा कोणावरच भरवसा नव्हता. घरातून निघताना कुलूप ओढून पाहायची, मग वळून येऊन पुन्हा ओढायची. नवऱ्यामागं परसातला मोठा आंबा तेवढा तिला उरला होता.

१९५४ साली होळीच्या सुमारास त्याची एक फांदी वाळली. बुंध्याशी लाकडाचा भुसा, आणि वर बोट जाईल अशी गोल भोकं. रुख्माबाईच्या डोक्यात लगेच आलं, हे गिरमिटाचं काम. गिरमिट होतं शेजारच्या चिंधू सुताराकडे. त्यानंच आदल्या साली हे झाड मागितलं होतं आणि तिनं दिलं नव्हतं.

"भोकं पाडून हिंग भरून राह्यला मेला! झाड वाळलं का लाकूड त्याचंच," ती विहिरीवर सांगत सुटली. लोकांनी चिंधूकडे वखर-नांगर दुरुस्तीला देणं बंद केलं.

एका सकाळी तो कुऱ्हाड घेऊनच आला. "काकी, वाळली फांदी तुयासमोर फोडतो. मंग बोल."

ती त्याच्या हातांवरची नजर हलवेना. फांदी दुभंगली. आत अंगठ्याएवढी जाड, पांढरी, बिनपायाची अळी वळवळत होती.

"तूच टाकली असशीन."

"बंद लाकडात? काऊन असं बोलतं काकी?"

तिला पटलं नाही; अळी खरंच लाकूड कोरते का, ते ती स्वतःच बघणार होती. तिनं अळी ढलप्यांसकट मडक्यात घातली, वर फडकं बांधलं आणि मडकं आपल्याच खाटेखाली सरकवलं. आत कुरकुर चालायची, मग तीही थांबली. मृगाच्या तोंडावर मडक्यात खडखड झाली. फडकं सोडलं, तर लांब मिशांचा राखी भुंगेरा ढलप्यावर बसलेला.

ती मडकं घेऊन चिंधूच्या दारात गेली. "हाच व्हता रे."

"मले काय दाखवतं? गावाले दाखव."

ती घरोघर गेली. "म्या चिंधूवर खोटा आळ घेतला," असं म्हणून मडकं पुढं करायची. चिंधूची कामं परतली, तरी काही जण दुसऱ्या गावच्या सुताराकडेच जात राहिले.

पुढं चिंधूनं भोकांत तार घालून आंब्यातल्या अळ्या ओढल्या, रॉकेलचे बोळे कोंबून वर चिखल लिंपला. अर्धं झाड वाचलं. त्यानंतर कोणाच्याही झाडाखाली भुसा दिसला की रुख्माबाई तो चिमटीत कुस्करून बघायची. गिरमिटाचा असेल तर वेटोळ्यांचा, अळीचा असेल तर ओलसर, चोथ्यासारखा.

चिंधू तिच्याशी बोलायचा. तिच्या घरचा चहा मात्र त्यानं कधी घेतला नाही.