पूजेनंतर रिकामा झालेला फोल्डर

अक्षर ओबडधोबड आहे, लिहिण्यात चुकाही असतील. माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली. मी अधिकारी नव्हते. सुरतच्या एका पोलीस ठाण्यात सफाईला होते, आता निवृत्त आहे. पण एक प्रकरण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नावं लिहीत नाही.

दिवाळीनंतर लाभपंचमीला बाजार उघडला आणि दुसऱ्याच दिवशी भेस्तानकडचा एक साडीवाला शेठ मॅनेजरला घेऊन ठाण्यात आला. "साहेब, आखी सीझननी डिझाइनो गई!"

संशय डिझाइन काढणाऱ्या मुलीवर. ती आमच्या खानदेशातली, दिवाळीला गावी गेलेली. इकडे तिच्या कॉम्प्युटरवरचा डिझाइनांचा फोल्डर रिकामा. वर मॅनेजरची खबर, की दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या माणसाबरोबर तिला चहा पिताना पाहिलं.

साहेबांनी घाईनं गुन्हा नोंदवला नाही. अर्ज घेतला आणि मुलगी परतताच चौकशीला बोलावलं. सोबत तिचे वडील, कापडाच्या लूमवर काम करणारे. शेठ आणि मॅनेजरही आले होते. महिला पोलीस समोर बसल्या होत्या, तरी भीतीनं मुलीची गुजराती पळूनच गेली. मी फरशी पुसत होते.

"मावशी, जरा बसा हिच्याजवळ. काय म्हणते ते सांगा," साहेब म्हणाले.

चार माणसांत बोलायची मला फार लाज. तरी बसले.

"मावशी, मी काही चोरेल नही," ती कुजबुजली.

चहाचं विचारलं तेव्हा ती खाली बघू लागली. वडिलांनी हात जोडले. "साहेब, तो मुलाचा मामा. सोयरीक चाललीय. पोरीवर चोरीचा आळ आला तर लग्न मोडेल."

"सगळे असंच सांगतात," मॅनेजर म्हणाला.

"किती जणांची चौकशी केलीत आजवर?" साहेबांनी विचारलं.

मग साहेबांनी तिला कामाची पद्धत विचारली. पाणी पिऊन ती सावकाश बोलली, मी सांगत गेले. डिझाइनचा प्रोग्राम जुना, नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. म्हणून नव्याच्या आतच एक जुना कॉम्प्युटर बनवलेला असतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. दोघांत एक फोल्डर सामायिक. "दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत खिडकी असावी तसं," ती म्हणाली. "सामान बाहेरच्या खोलीत. आतून हात घालून घ्यायचं."

बोलता बोलता ती थांबली. शेठकडे वळली, आणि गुजरातीत विचारलं, "शेठ, दिवाळीच्या पूजेत त्या फोल्डरला हात लावला होता?"

"पूजा तर होणारच ना! आता हिशेबाचे चोपडे कुठे राहिले? स्क्रीनला कुंकू लावलं, फोल्डरच्या नावाआधी श्री लिहिलं."

"मग आतला कॉम्प्युटर अजून जुन्याच नावाचा फोल्डर शोधतोय, शेठ."

साहेबांनी जीप काढली. मलाही घेतलं. ऑफिसात मुलीला लांब उभं केलं आणि माऊस मॅनेजरच्या हाती दिला, म्हणजे तिनंच फाइली परत ठेवल्या असं कोणी म्हणू नये. बाहेरच्या कॉम्प्युटरवर श्री लिहिलेला फोल्डर होता. उघडला, तर एकूण एक डिझाइन आत! ते बघायचं कोणाला सुचलंच नव्हतं. शेठ घाईनं म्हणाला, "श्री काढून टाक."

"राहू द्या," मुलगी म्हणाली. "आतल्यालाच नवं नाव सांगू." तिनं सांगितलं तसं मॅनेजरनं केलं. आतल्या पडद्यावर साड्यांचे काठ दिसू लागले. वडील दारातच खाली बसले.

मला त्या दिवशी एक कळलं. वस्तू दिसली नाही की लोक आधी माणूस शोधतात, वस्तू नंतर. आणि माणूसही असा शोधतात, ज्याच्या बाजूनं कोणी बोलणार नाही.

शेठनं अर्ज मागे घेतला. साहेब निघाले नाहीत. "हिचा पगार?"

दिवाळीचा पगार "आल्यावर देतो" म्हणून अडवलेला होता. शेठनं ड्रॉवर उघडला. पगार आणि बोनस, सगळे पैसे तिच्या हातात ठेवले. वडील म्हणाले, "मोजी ले, बाई." तिनं शेठकडे एकदा पाहिलं, आणि त्याच्यासमोर बसून शेवटच्या नोटेपर्यंत मोजले. पुरे भरले.